शेवटची आठ मिनिटं

मित्रांनो, वजनाने पंचवीस किलो, आवाजाने पिठाची गिरणी आणि स्वभावाने हट्टी असा मी एक जुना सिनेमा प्रोजेक्टर आहे. जन्म सोव्हिएत कारखान्यातला, उमेदीची वर्षं पुण्यात गेली आणि आता मुक्काम क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात, एका गॅरेजात, लॉनमोअरच्या शेजारी.

पुण्याच्या एका भारत-सोव्हिएत मैत्री मंडळाने मला मागवलं, तेव्हा माझे ऑपरेटर पुरुषोत्तम पंचविशीत होते. आमचा गाजलेला सिनेमा एकच, सरहद्दीवरच्या सोव्हिएत पहारेकऱ्यांचा. एकेचाळीस सालचा जून, पहाटेची वेळ, नदीकाठची चौकी, समोर जर्मन फौज आणि चौकीत मूठभर जवान. संवाद सगळे रशियन. मी चित्र दाखवायचो आणि पुरुषोत्तम माझ्याजवळ उभे राहून माइकवर मराठीत गोष्ट सांगायचे. रशियन ते संध्याकाळच्या वर्गात शिकले होते. काय सांगायचे! तो कप्तान थेट आपल्या गल्लीतला वाटायचा. शाळाशाळांतून बोलावणी यायची. कौतुक झालं की मी जरा जास्तच तापायचो, हे कबूल करतो.

पण आमच्या हातून एक लबाडी झाली. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात खेळ चालला होता. तिथे घरटी एक माणूस फौजेत. शेवटच्या रिळात चौकी पडत आली, तशी एक बाई उठून म्हणाली, "कुमक आली का नाही, ते आधी सांगा!" तिचा नवरा तेव्हा सीमेवर होता. पुरुषोत्तमांनी माझा दिवा बंद केला आणि अंधारातच म्हणाले, "आली, बाई, आली. सगळे वाचले." टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हापासून प्रत्येक खेळ आम्ही तिथेच थांबवला. उरलेली आठ मिनिटं मी कुणालाही दाखवली नाहीत.

पुढे व्हिडिओ आला, मंडळ बंद पडलं. मी पुरुषोत्तमांच्या माळ्यावर गेलो. त्यांची मुलगी दीप्ती नर्सिंग शिकायला इकडे आली, इथेच रमली आणि तिने वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी कपडे कमी केले, पण मला आणि माझ्या तीन रिळांना सोडलं नाही. इथे मात्र मला कोण विचारतो? नातवंडांचे ओले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, माझ्यावर वाळायचे. मला फार राग यायचा.

यंदाच्या मार्चमध्ये पुरुषोत्तम अचानक गॅरेजात आले. खूप वाळले होते.

"काल डॉक्टर पाच मिनिटं बोलत होता," माझ्यावरची धूळ पुसत ते मलाच सांगू लागले. "त्याचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जातं. दीप्तीनं मराठीत सांगितलं, 'थोडी सूज आहे, औषधानं उतरेल.' झालं! एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंसं मराठी? अरे, ही तर माझीच विद्या. पोरीनं कुमक आणली!"

मी ओळखलं, ह्यांनी काहीतरी ठरवलंय. माझा बेल्ट तुटला होता. जावई प्रसादने चार दुकानं पालथी घालून शिलाई मशीनचा बेल्ट आणला. "एकदम झकास बसला बघा, बाबा. स्वीट अ‍ॅज!" तो म्हणाला.

रविवारी दुपारी गॅरेजचं दार खाली ओढलं, भिंतीवर चादर लावली. दीप्ती दारातच घुटमळली. "बाबा, आज हीप्स, ढीगभर कामं पडलीयत."

"शेवटचंच रीळ आहे. बस."

खोकत खोकत त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. ती जागा आली. त्यांचा हात सवयीने माझ्या बटणापाशी आला, थांबला आणि मागे गेला.

"कुमक आली नाही, दीप्ती," ते म्हणाले.

मित्रांनो, फिल्म आक्रसली होती, बेल्ट घसरत होता, दिवा लुकलुकत होता. पण मी हट्टाला पेटलो. ते जवान दिवसभर चौकी लढवतात, मला आठच मिनिटं लढवायची होती. पडद्यावर एकेक जण पडत गेला. उरलेल्या एकाने विहिरीवर तोंड धुतलं, वहीत वेळ लिहिली, कॉलरचं बटण लावलं आणि तो पुन्हा बाहेर गेला. पुरुषोत्तमांनी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. पदरचं काही घातलं नाही.

दीप्तीचे डोळे भरले होते. "मला लहानपणी तुम्ही सांगितलं होतं, सगळे वाचले म्हणून."

"खोटं सांगितलं. त्या बाईला धीर द्यायला एकदा सांगितलं, मग सवयच लागली. आता तो डॉक्टर काय म्हणाला ते सांग. गाळू नकोस."

"तुम्हाला झेपायचं नाही, बाबा."

"हा शेवट बघितला ना आत्ता? डोळे उघडे ठेवून? सांग."

तिने खुर्ची जवळ ओढली, त्यांचा हात धरला आणि डॉक्टरांचं वाक्यन् वाक्य मराठीत आणलं. आजार फुप्फुसात होता, तो पसरला होता. फार तर दिवाळीपर्यंत.

पुरुषोत्तमांनी उठून रीळ डब्यात ठेवलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मग वेळ आहे की! पुढच्या शनिवारी हॉल बघ, सगळ्यांना बोलाव. तिन्ही रिळं लावू. बोर्डावर लिही, शेवटासह."

तर मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून तेल द्या, निदान ओले कपडे तरी टाकू नका. आणि यंत्र असो की माणूस, म्हातारं झालं म्हणून त्याची शेवटची आठ मिनिटं लपवून ठेवू नका. ती त्याची असतात.