‘मरजान’साठी अँटेना

ज्युड शारजातल्या कंपनीच्या खोलीवर राहायला गेला आणि त्याने वडिलांचा फोन उचलणं बंद केलं. आईशी बोलायचा, तेही ती क्लिनिकमध्ये ड्यूटीवर असताना.

भांडण म्हणावं असं झालं नव्हतं. वडिलांची, ॲल्फ्रेडची, एक सवय होती : सांगितलेली गोष्ट समोरच्याकडून शब्दशः वदवून घ्यायची. बोटींवर रेडिओ ऑफिसर होता तोवर ती शिस्त होती. पुढे ते पदच बोटींवरून गेलं, तो अजमानला येऊन शिपिंग एजन्सीत चिकटला, आणि शिस्त जेवणाच्या टेबलावर आली. “काय सांगितलं मी? परत म्हण.” लहानपणी ज्युड म्हणायचा. सव्विसाव्या वर्षी त्याने ताट सरकवलं आणि बॅग भरली.

आता तो ‘मरजान’ नावाच्या टगवर मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी होता. मोठ्या जहाजांना ढकलत धक्क्याला लावणारी ही बुटकी बोट. बंदराच्या कंट्रोल रूमशी वायरलेसवर तोच बोलतो, हे त्याच्या आईच्या, लिलीच्या तोंडून निसटलं आणि ॲल्फ्रेडने रीतसर परवानगी काढून वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा स्कॅनर आणला. पण त्यासोबतची अँटेना वीतभर. कंट्रोल रूमचा मनोरा उंच, त्यामुळे तिचं बोलणं स्वच्छ यायचं. उत्तराच्या जागी नुसती खरखर. मुलगा नेमका त्या खरखरीत होता.

“बाहेर लावायची अँटेना हवी,” ॲल्फ्रेड म्हणाला.

“फोन लाव ना त्याला,” लिली म्हणाली. “त्याला अँटेना लागत नाही.”

“उचलत नाही तो.”

“का उचलत नाही, ते स्कॅनरवर कळणार आहे?”

वायरलेसच्या दुकानात विक्रेत्या अर्सलानने आधी छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली अँटेना काउंटरवर ठेवली. “अंकल, ये लो. पुलीसवाला छोडके सब सुनाई देगा. विमान, जहाज, टॅक्सी.” चारशे साठ दिरहम. म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर, ॲल्फ्रेड मोठ्याने म्हणाला.

“सब सुनना है, या एक ही चीज?”

“एकच,” ॲल्फ्रेड मराठीत बोलून गेला. “एक ही.”

“तो इतना पैसा क्यों डालते हो?” अर्सलानने मागून पांढरी फायबरची काठी काढली. फक्त बोटींच्या बँडसाठी बनवलेली. बाकी काही तिला नीट ऐकू येत नाही. एकशे चाळीस दिरहम. उरलेल्या पैशांत ॲल्फ्रेडने जाड केबल घेतली, कारण पातळ केबलमध्ये क्षीण आवाज वाटेतच मरतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्याने काठी बाल्कनीच्या कठड्याला उभी बांधली. सांधा टेपने गुंडाळला, खारा वारा आत जाऊ नये म्हणून. लिली चहा घेऊन दारात उभी राहिली. कंट्रोल रूमने ‘मरजान’ला हाक मारली : धक्का पाच, जहाजाच्या मागच्या बाजूला लागा.

“ओके सर. कमिंग.”

ज्युड. जाडसर झालेला, घाई नसलेला आवाज. मागे इंजिनाची घरघर. लिलीने कप कठड्यावर ठेवला.

“किती मोठा वाटतो रे,” ती म्हणाली.

“आकडा परत म्हटला नाही त्याने.”

“ॲल्फ्रेड.”

“धक्का पाच म्हणायला हवं होतं. चुकीच्या धक्क्यावर गेला तर?”

“गेला नाही ना? बोलला, तू ऐकलंस, मी ऐकलं. आता गप्प बस, यल्ला, नाश्ता कर.”

ती आत गेल्यावर त्याने फोन घेतला. ‘तुझा आवाज ऐकला’ असं लिहिलं. ते त्याला भाबडं वाटलं, पुसलं. मग लिहिलं : ‘सकाळी कंट्रोलने धक्का पाच सांगितला. तू नुसतं ओके सर म्हणालास. ऑर्डर पूर्ण परत म्हणायची असते.’

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ज्युडचं उत्तर आलं. ‘यू आर लिसनिंग टू मी ॲट वर्क?’ आणि पाठोपाठ : ‘खलास, डॅडी.’

दुसऱ्या सकाळी ॲल्फ्रेड लवकर येऊन बसला. हवा स्वच्छ होती, अँटेना जागची हलली नव्हती. कंट्रोल रूमने ‘मरजान’ला बोलावलं : धक्का तीन, जहाजाच्या पुढच्या बाजूला लागा, सावकाश.

उत्तर लगेच आलं. धक्का तीन, पुढची बाजू, सावकाश; एकही शब्द न गाळता, ओळीने. आवाज कुणा मल्याळी माणसाचा होता.

दुपारपर्यंत ‘मरजान’ अनेकदा बोलली. दर वेळी तोच मल्याळी, आणि दर वेळी अचूक.

क्लिनिकमधून आल्यावर लिलीने विचारलं, “बोलला का आज?”

ॲल्फ्रेडने स्कॅनरचा आवाज बारीक केला. “आज सगळं बरोबर परत म्हटलं,” तो म्हणाला.

लिलीने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फोनकडे. काय पाठवलंस, हे तिने विचारलं नाही. पर्स तशीच खांद्याला ठेवून ती खोलीत गेली आणि दार लावून ज्युडला फोन लावला. दाराआडून तिचं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं येत होतं. त्यातलं ॲल्फ्रेडला एक अक्षर कळलं नाही.