तीन दिवस उघडा ठेवलेला ब्राउझर

आमच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर होते. त्यांच्यात काही बदल करायचा तर पासवर्ड मुख्य कार्यालयातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे. त्या माणसाला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ब्राउझर मात्र कोणालाही न विचारता अपडेट होई.

त्या वर्षी बदलीचे अर्ज पहिल्यांदाच ऑनलाइन निघाले. आमचे हे सहा वर्षं दुसऱ्या गावी एकटे राहत होते, त्यामुळे मला अर्ज करायचाच होता. अर्ज सोमवारपासून दिसत होता, पण घेणार होते फक्त गुरुवारी. दोन कॉम्प्युटरवर तो अर्धाच दिसे, खाली ‘पाठवा’चं बटणच नाही. तिसऱ्यावर पुरता दिसत होता, कारण तिथला ब्राउझर अजून जुना होता. बंद केला की तोही अपडेट होणार, अशी सूचना कोपऱ्यात आली होती.

हेडक्लार्क नानांनी फोन लावला. “अपडेट थांबवता येईल का?”

“तुम्हाला अधिकार नाहीत.”

“मग तुम्ही थांबवा.”

“ऑनलाइन विनंती करा.”

त्या विनंतीच्या पानावरही बटण नव्हतं.

“बंदच करायचा नाही,” नाना म्हणाले. अडचण साहेबांची होती. रोज साडेपाचला ते स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढत, मग कोणाचं काही चालू असो.

“तीन रात्री राहू द्या, साहेब.”

“वीज काय तुमच्या वडिलांची आहे, नाना?”

“बाईंच्या संसाराचा प्रश्न आहे.”

साहेब कुरकुरत कबूल झाले, पण बाकीच्या दोन कॉम्प्युटरांची बटणं साडेपाचला स्वतःच्या हाताने बंद करत राहिले. नानांनी माऊसवर आपल्या डब्याचं झाकण पालथं घातलं आणि तीन दिवस त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. चहासुद्धा तिथेच.

गुरुवारी पावणेअकराला त्यांनी झाकण उचललं. माऊसला थोडं तेल लागलं होतं. माझा हात खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो रुमालाने छान घासून पुसला. पुसता पुसता ब्राउझर बंद झाला.

नानांचा चेहरा उतरला. अपडेट झालं. मी अर्ज पुन्हा उघडला, तर तो पुरता दिसत होता, खाली ठसठशीत बटण.

नानांनी चक्रावून पुन्हा फोन लावला. “तो तीन रात्री चालू राहिला, म्हणून अपडेट नीट उतरलं,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “बाकीच्या दोघांचं रोज संध्याकाळी अर्ध्यात तुटतंय. वीज कोण घालवतं तुमच्याकडे?”

आम्ही सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे पाहत होते.

अर्ज गेला. मी ह्यांना फोन केला.

“बदली मिळेल बहुतेक. दोन महिने लागतील.”

हे म्हणाले, “बरं. भांडी घासायला आजच घेतो.”