माझे मूळ आणि एक टेंगूळ

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. टेबल म्हणालात तरी रागावणार नाही, कारण आमच्या शब्दकोशाच्या कचेरीतही मला सगळे टेबलच म्हणतात. नवे होते तेव्हा येणारा-जाणारा माझ्यावर हात फिरवून वा वा करी. पुढे माझा एक पाय मोडला आणि त्या जागी विटा आल्या. सुताराला बोलवायला विद्वानांना सवड कुठली?

माझ्या एका टोकाला फारसी जाणणारा भाऊ बसे, दुसऱ्या टोकाला पोर्तुगीज जाणणारी त्याची धाकटी बहीण आणि मधे टंकलेखक. त्यांची आत्या मुख्य संपादक होती. सारे गोडीगुलाबीने चालले होते. मग ‘म’चा खंड आला, आणि त्यात मी आले.

भाऊ म्हणाला, हा शब्द फारसी ‘मेज’वरून आला. बहीण म्हणाली, छे, पोर्तुगीज ‘मेझा’वरून, तीच आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतही जाऊन बसली आहे. स्पॅनिशमध्ये सपाट माथ्याच्या डोंगराला ‘मेसा’ म्हणतात, हे ऐकून तर माझी छाती फुगली. पण इकडे भावाबहिणीने अबोला धरला, तो चार वर्षे.

“त्यांना सांगा, डिंक सरकवा,” बहीण टंकलेखकाला सांगे.

“त्यांना सांगा, डिंक संपलाय,” भाऊ सांगे.

आत्या शनिवारी निवृत्त होणार होती. सगळा खंड तयार होता. माझ्या शब्दाची नोंद असलेल्या एका चिठ्ठीपायी छापायचा राहिला होता. जन्मभराचे काम अर्धवट टाकून घरी जायचे म्हणून ती खचली होती. मला स्वतःच्या नावाची लाज वाटू लागली.

शुक्रवारी तिने ती चिठ्ठी मागवली. दोन्ही बाजू मुळाच्या वादाने भरलेल्या होत्या, समासही सुटला नव्हता.

“दोन्ही मुळं छापू,” आत्या म्हणाली. “पण अर्थ कुठाय?”

अर्थ कोणी लिहिलाच नव्हता!

“लिही,” भाऊ ओशाळून आत्याला म्हणाला, “चार पायांचं...”

“त्यांना सांगा, ह्याला तीनच आहेत.”

भाऊ मोजायला खाली वाकला. त्याला खोटे पाडायला बहीणही वाकली. माझ्या पोटाखाली दोन विद्वान डोकी टणकन एकमेकांवर आपटली.

“लागलं का रे, दादा?” बहीण कळवळून म्हणाली.

टंकलेखक सवयीने भावाकडे वळला. “ताई विचारतायत, लागलं का.”

आत्या इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. अर्थ लिहिला गेला आणि संध्याकाळी खंड छापखान्यात गेला.

मित्रांनो, आमच्या मुळावरून खुशाल भांडा. पण अधूनमधून खाली वाकून फडकेही मारत जा. त्या दिवशी दोघे वर आले, तेव्हा दोघांच्याही केसांत चार वर्षांची जळमटे होती, आणि ती एकमेकांनीच काढली.