शेवटची ओळ

इरावतीला माणसांची किळस यायला लागली त्याला सात महिने झाले होते. त्या माणसांत आपल्यालाही धरायचं, हे मात्र तिला उशिरा कळलं.

सात महिन्यांपूर्वी साकीनाक्याची तिची कंपनी गाशा गुंडाळून वापीला गेली. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायची ती कंपनी, आणि इरावती तिथे बावीस वर्षं क्वालिटीला होती. झाकण नीट बसतंय का, कुठून गळतंय का, एवढंच इमानानं बघत आलेल्या बाईला सत्तेचाळिसाव्या वर्षी सगळे सांगू लागले की बाई, आता स्वतःची जाहिरात करायला शीक. नवरा, यज्ञेश, पाठीच्या दुखण्यानं चार वर्षं घरी बसलेला. कमरेला पट्टा बांधून तो आतल्या खोलीत पडून असायचा आणि बायकोला नोकरीबद्दल काही विचारायचा नाही. त्याचं ते न विचारणं तिला जास्त बोचायचं.

शिकवायला आली भाची. गंधाली, वय वर्षं चोवीस. पवईच्या एका चकचकीत ऑफिसात बसून ती साहेबलोकांची प्रोफाइलं घासूनपुसून द्यायची. रविवारी मुलुंडला आली, दोन बशा पोहे खाल्ले आणि आत्याचा फोन हातात घेतला.

"आत्या, किती जणांना मेसेज केलेस?"

"त्र्याऐंशी."

"आणि उत्तरं?"

"दोन. एकानं 'ऑल द बेस्ट' म्हटलंय. दुसऱ्यानं विमा घ्याल का विचारलंय."

गंधाली हसली नाही. अंगठ्यानं भराभर मेसेज सरकवत गेली. "वाट लावलीयस तू. सगळे 'आपली नम्र' आणि 'धन्यवाद'वर संपवलेस. धन्यवाद म्हणजे आपण होऊन दार लावून घेणं. समोरच्यानं करायचं काय? शेवटच्या ओळीत काहीतरी मागायचं. छोटंसं. 'या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलू या का?' म्हणजे त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं."

"आणि सुरुवातीला?"

"सुरुवातीला त्याचं काहीतरी पर्सनल. प्रमोशन, मुलाचं यश, काहीही. तो विरघळला पाहिजे."

विरघळला पाहिजे! इरावतीनं नोकऱ्यांच्या त्या साइटवर लोक कसे विरघळतात ते पुरेपूर पाहिलं होतं. नोकरीवरून हाकललेला माणूस 'भारावून गेलोय' म्हणून लिहायचा आणि ज्यांनी हाकललं तेच खाली टाळ्या पिटायचे. एकानं तर मुलाच्या मुंजीतून विक्रीचे पाच धडे काढले होते. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि सगळे एकमेकांचे 'प्रेरणास्थान' होते. ते वाचलं की तिला उष्ट्या ताटात हात घातल्यासारखं वाटायचं. आणि तरी ती रोज सकाळी दात घासायच्या आधी ते उघडायची, कारण घरात पगार यायला हवा होता.

एक दार मात्र तिनं ठोठावलं नव्हतं. मृणालिनीचं. साकीनाक्याला अकरा वर्षं दोघींची टेबलं शेजारीशेजारी होती. सहा वर्षांपूर्वी मृणालिनी पवईच्या मोठ्या कंपनीत गेली, चढत गेली, आणि आता तिच्याच हाताखाली क्वालिटी मॅनेजरची जागा निघाली होती. अर्ज शुक्रवारपर्यंत. इरावतीसाठी बेतून शिवल्यासारखी जागा. पण गेल्या दोन वर्षांत इरावतीनं तिला एक फोन केला नव्हता, आणि आता पोटाला चिमटा बसल्यावर मैत्रीण आठवली असं दिसू नये, म्हणून ती रोज लिहायची आणि रोज पुसायची.

मंगळवारी सकाळी तिनं साइट उघडली तर पहिलाच फोटो मृणालिनीच्या वडिलांचा होता. आप्पा काल गेले, झोपेतच.

इरावती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आप्पा तिला चांगले आठवत होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरात एकच काम अंगावर घेतलं होतं, मोड आलेले वाल सोलायचं. वर्तमानपत्र पसरून एकेक वाल सोलत बसायचे. मृणालिनीची आई, कुंदाकाकू, त्याच्या डाळिंब्या करायच्या आणि दर बुधवारी मृणालिनीच्या पिशवीत दोन डबे असायचे, एक तिचा, एक इरावतीचा. इरावतीच्या डब्याच्या झाकणाला आप्पा स्वतः रबर लावायचे. क्वालिटीवालीच्या डब्यातून रस्सा गळला तर शोभा होईल म्हणायचे.

तिनं गंधालीला फोन केला तो फक्त कुणाला तरी सांगावं म्हणून.

"अरे यार. सॉरी, आत्या," गंधाली म्हणाली. "पण टायमिंग बघ ना. आज ती प्रत्येक मेसेज वाचणार."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला सांगतेस तू मला?"

"लोणी कसलं! तू त्यांना खरंच ओळखायचीस ना? तुला खरंच वाईट वाटतंय ना? मग यात खोटं काय आहे?"

फोन ठेवल्यावर तेच वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. खोटं काहीच नव्हतं. तिनं डाळिंब्यांचं लिहिलं, वर्तमानपत्राचं, रबराचं. तीन ओळी झाल्या. लिहिताना डोळे भरून आले आणि तेही खरंच होतं. तिथे हात थांबायला हवा होता. दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, हे तिला आईनं लहानपणीच शिकवलेलं. एरवी 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं; पण तिथे ते अशुभ. पुन्हा अशाच कारणानं येणं व्हावं, असा त्याचा अर्थ. तिथून न बोलता उठायचं, चप्पल घालायची आणि चालू पडायचं.

आतल्या खोलीत यज्ञेश कूस बदलताना कण्हला. इरावतीनं चौथी ओळ लिहिली. 'तुझ्याकडच्या जागेसाठी अर्ज करतेय, या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलता येईल का?' मेसेज पाठवून टाकला. आणि मग बेसिनपाशी जाऊन, भांडी नव्हती तरी, कोपरापर्यंत हात धुतले.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घाटकोपरला गेली, पंतनगरला. बसमध्ये तिनं स्वतःला दहादा बजावलं की मी कामासाठी जात नाहीये, आप्पांसाठी जातेय. कितीही बजावलं तरी पटेना.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर कुंदाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मृणालिनी, घरातली मिनू, शेजारी. तिनं इरावतीकडे पाहिलं, मान हलवली आणि बसायला जागा करून दिली. काकूंनी मात्र तिचा हातच धरला.

"इरा, तुझं पत्र वाचलं गं. म्हणजे मिनूनं वाचून दाखवलं. माझ्या डोळ्यांना आता त्या फोनमधलं दिसत नाही." काकूंचा आवाज बसला होता. "बाकीच्यांचं काय सांगू तुला! दोन ओळी यांच्याबद्दल, आणि लगेच तुमच्या कंपनीत वशिला लागेल का. मेल्यांना लाज नाही. मिनूनं काल एकाला वाचता वाचता शिवी घातली. पण तुझं! ते रबराचं तर मीसुद्धा विसरले होते. मी रडले बघ, पहिल्यांदाच."

इरावतीला तोंड कुठे लपवावं कळेना. काकूंचा हात गरम होता आणि तो सोडवून घेण्याचा धीर तिला होईना.

"आणि वाचता वाचता मिनूचा गळाच भरून आला," काकू म्हणाल्या. "मधेच थांबली. मिनू, उरलेलं वाच ना गं आता. इरा समोर आहे."

मृणालिनीनं फोन उचलला नाही.

"संपलं होतं, आई," ती म्हणाली. "तेवढंच होतं."

"असं होय. मला वाटलं, राहिलंय अजून. छान संपवलंस हो, इरा."

इरावती काकूंकडे सरकली. सांगून टाकावं, आत्ता, काकूंच्या पायाशी बसून, की काकू, त्या मेल्यांतलीच मी एक आहे. ओठ उघडलेसुद्धा. पण सांगून ती मोकळी झाली असती आणि काकूंची ती तीन ओळींची शिदोरीही गेली असती. तिनं ओठ मिटले. हा विचार खरा होता की भित्रेपणा, हेही तिला धड ठरवता आलं नाही, आणि त्याचीही तिला किळस आली. मग रीतीप्रमाणे काही न बोलता उठली आणि दाराशी येऊन चप्पल घालू लागली.

मृणालिनी मागोमाग आली. दार अर्धवट ओढून घेतलं.

"मिनू, मी..."

"उद्या, गुरुवारी साडेअकराला मुलाखत," मृणालिनी हळू आवाजात म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. झाकणाच्या नमुन्यावर 'पास' लिहिताना असायचा तसा कोरडा चेहरा होता. "पवईला. तेरा दिवस मी ऑफिसला नसेन, पण तुझं नाव कळवलंय. तुझ्यापेक्षा बरं काम करणारं माणूस मला माहीत नाही. फक्त मला आज कन्फर्म करायचंय."

आतून काकूंच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला. इरावती एक चप्पल घालून उभी होती.

"येतेस ना?" मृणालिनीनं विचारलं.

इरावतीनं अर्ध्या उघड्या दारातून आत पाहिलं. आप्पांच्या फोटोपुढचा दिवा दिसत होता. घरी यज्ञेश काही न विचारता पडून असणार होता, आजही, उद्याही.

"येते," ती म्हणाली.