बोरीचा पाला

“बाई, तुमी देव मानत नाही. मंग मेल्यावर तुमी जासान कुठं?”

पैज वर्गातल्या चांदबीनं लावली होती, पण तोंड सरवरीचं. रिसोडच्या मुलींच्या शाळेत असं विचारायची छाती सहावीतल्या दुसऱ्या कुण्या पोरीची नव्हती.

चतुराबाई मास्तरीण फळा पुसत होत्या. त्या वळल्या आणि बोटातला खडूचा तुकडा पाहत म्हणाल्या, “कुठंच नाही, पोरी. खडू सरला का सरला.”

“आन मंग?”

“मंग दुसरा काढा लागते. चाल, तूच आण.”

वर्ग खो खो हसला. सरवरीनं पैजेच्या ओंजळभर चिंचा जिंकल्या, आणि शाळा गमावली. कारण संध्याकाळपर्यंत बाईंचं उत्तर साऱ्या मोहल्ल्यात फिरून तिच्या बापाच्या कानी गेलं. मेहबूब पिंजाऱ्यानं कापूस पिंजता पिंजता धनुकली थांबवली.

“जे बाई आखिरत, मेल्यावरचं जगणं, मानत नाही, ते माह्या पोरीले काय शिकवीन? शाळा बंद. मायसंगं घुसल शिक.”

सरवरीची माय हाजराबी मोहल्ल्यातल्या मयत बायांना अखेरचं न्हाऊ घालायची. तेच घुसल. आणि सरवरी, जी शाळेत कोणाच्या बापाला भ्यायची नाही, ती मयतीचं नाव निघालं की कापसाच्या ढिगामागं दडायची. तिला सातवीची फायनल देऊन मास्तरीण व्हायचं होतं. ती रात्रभर रडली, तरी बाप काही पाघळला नाही.

त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाच्या शाहजादी खाला गेल्या. हाजराबीच्या जोडीची बाई धनजला लेकीकडं गेलेली. दुसरे हात हवेत.

“चाल,” माय म्हणाली. “खालानं तुले कडेवर फिरवलं हाय.”

सरवरी मायच्या पदराला धरून गेली. अंगणात चुलीवर पाणी चढलं होतं. त्यात उकळायला बोरीचा पाला लागतो, तोच नव्हता. बाप्ये सारे कबर खोदायला गेलेले.

“पाल्याबिगर कसं घालू पाणी?” हाजराबी म्हणत होती, तोच फाटकातून चतुराबाई आल्या. पदरात हिरवागार पाला, आणि हातांवर काट्यांचे लाल ओरखडे.

“नाल्यावरच्या बोरीचा हाय. खालाची बहीण गेली तवा खालानंच मले सांगतलं होतं, पाला लागते म्हणून.”

सरवरीला राहवेना. “बाई, तुमी तं म्हणता खडू सरला. मंग पाला काहून आणला?”

“म्हणूनच आणला. माह्या माणसाईनं मले टाकलं, तवा ही बाई रोज भिंतीपलीकून हाक मारे, ‘चतुरा, जेवली का?’ आता खाला मले कुठंच भेटणार नाही. जे करायचं ते आजच.”

हाजराबीनं पाला पाण्यात सोडला. “मले भेटीन, बाई. तिथं गेली का इचारीन तिले, पाला कोणं आणला होता, आठवते का?”

“माहा सलाम सांगजो,” चतुराबाई म्हणाल्या, आणि ओल्या डोळ्यांनी दोघी हसल्या.

पडद्याबाहेर बसून चतुराबाईंनी जाळ सांभाळला. आत चादरीखालच्या उजव्या खांद्यावर सरवरीनं पहिला तांब्या ओतला. तिनं डोळे मिटले होते. मग एक उघडला. चादरीबाहेर खालांचा हात होता, तिला मुठीमुठीनं फुटाणे देणारा. त्या हाताला काय भ्यायचं?

“खाला, पाणी जास्त गरम तं नाही?” तिनं हळूच विचारलं.

माय रागावली नाही. “इचार, इचार. ओतत राय.”

भीती कुठं वाहून गेली ते सरवरीला कळलंसुद्धा नाही. कापराचं पाणी घालून होईस्तो तिची मान ताठ झाली होती. बाहेर आली तेव्हा ती ढिगामागं दडणारी पोर राहिली नव्हती.

दफन करून मेहबूब घरी आला. हातांना माती होती. सरवरीनं त्याच्या हातांवर पाणी घातलं आणि तांब्या खाली ठेवला.

“अब्बा, अम्मा, ऐका. घुसल मी शिकली, अम्माले इचारा. पाला कोणं आणला, तेही इचारा. आता उद्या मी शाळेत जाणार. फायनल देईन, अन् बाईच्या जागी उभी राहीन. मोहल्ल्यात मयत झाली तं अम्मासंगं पाणीही मीच घालीन. आन बाई जातीन तवा त्याईच्यासाठी जे लागन ते मी आणीन, मंग तिथं कोणी वाट पाहो का न पाहो.”