मिलमचा अर्धा दगड

मी अर्धा दगड बोलतोय. बोलायला तोंड उरलेलं नाही, तरी बोलतोय. गप्प बसून पाहिलं इतकी वर्षं, नाही जमलं.

माझा जन्म तिबेटच्या सीमेवरच्या मिलम गावाखालच्या गोरी नदीत झाला. तेव्हा मी पुरता होतो, काळा, गुळगुळीत, दोन मुठींएवढा. एक दिवस दोन माणसं मला उचलून गावात घेऊन गेली. एक मिलमचा व्यापारी, दुसरा खिंडीपलीकडचा तिबेटी मेंढपाळ. मैत्रीची शपथ म्हणून दोघे एकाच वाटीतलं पाणी प्यायले. वाटीत सोन्याची अंगठी बुडवलेली होती. मग हातोडा उचलला आणि घातला माझ्या टाळक्यात! मैत्री त्यांची, डोकं फुटलं माझं. अर्धा खिंड ओलांडून तिबेटात गेला आणि अर्धा मिलममध्ये राहिला, तो मी.

नियम सरळ होता. ज्याच्या हातातला अर्धा आपल्या अर्ध्याला जुळेल, तो आपला माणूस. त्याला दार उघडायचं, जेवायला घालायचं, त्याच्यासाठी जामीन राहायचं. आणि प्रश्न विचारायचे नाहीत. मुलांना, नातवंडांना, सगळ्यांना हाच नियम. इकडून गूळ आणि धान्य जायचं, तिकडून मीठ आणि लोकर यायची. दोन पिढ्या मी हे काम चोख केलं. मला स्वतःचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या पिढीत मी जसमलच्या हाती आलो. हुशार माणूस, चार बुकं शिकलेला, बोलायला गोड. डेहराडूनच्या एका गोऱ्या साहेबाने त्याला हेरला. साहेबाला रशियाची भारी धास्ती. रशियाचा राजा तिबेटात पाऊल टाकायच्या आत तिथली वाट न् वाट त्याला कागदावर हवी होती. पण तिबेटात साहेबाला बंदी. मग पाठवा जसमलला! पावलं मोजून अंतर काढता यावं म्हणून दोन वर्षं त्याला एकसारखी पावलं टाकायला शिकवलं. बाप्या माणूस, पस्तिशीला आलेला, मैदानात चालायला शिकत होता. मी त्याच्या अंगरख्यातून सगळं पाहत होतो.

मिलमच्या व्यापाऱ्याला तिबेटातल्या ग्यानिमाच्या बाजारापर्यंत मोकळीक होती. त्यापुढे जायचं तर तिथल्याच एखाद्या माणसाला किल्लेदारापुढे जामीन राहावं लागे, तेही स्वतःच्या जिवावर. जसमल तीर्थाला निघाल्याचं सांगत थेट गोन्पोच्या घरी गेला. गोन्पो म्हणजे त्या मेंढपाळाचा नातू, लोकरीचा व्यापारी. मोठ्याने हसणारा, भोळा, राजा माणूस.

"काढ तुझा दगड," गोन्पो म्हणाला. त्याने स्वतःचा अर्धा पुढे केला. जसमलने मला टेकवलं.

मी जुळलो. काय करणार होतो? खोटं बोलत होता जसमल, साक्ष दिली मी. तेव्हा काठावरचा एखादा टवका उडाला असता तर! नाही उडाला.

गोन्पोची बायको यांगझोम मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होती. तिने नवऱ्याला बाजूला घेतलं. "तुझा मित्र चालतो कसा पाहिलंस? ओढा आला तरी उडी मारत नाही. मधेच हाक मारली तर ओ देत नाही, ओठ हलत असतात. हा काहीतरी मोजतोय."

"जप करत असेल. तीर्थाला निघालाय ना!"

"जप करणारा माणूस चुकला की कपाळावर हात मारून मागे जातो का?"

"तुला ना, संशयाचा रोगच आहे," गोन्पो हसला. "दगड जुळलाय. आता विचारलं तर आजोबा थडग्यातून... छे, त्यांना तर रीतीप्रमाणे गिधाडांना घातलं. गिधाडांच्या पोटातून शिव्या देतील मला."

दुसऱ्या दिवशी त्याने किल्लेदारापुढे अंगठा उठवला.

जसमल वर्षभर हिंडला. सोन्याच्या खाणी पाहिल्या, नद्या मोजल्या, दुसऱ्याच खिंडीने परत आला. साहेबाने त्याची पाठ थोपटली. इकडे त्याच्यासोबत गेलेला एक हमाल ग्यानिमाच्या बाजारात छांग ढोसून बरळला, की आमच्या मालकाने तुमचा मुलूख पावलांनी मोजून साहेबाच्या खिशात घातलाय. संध्याकाळच्या आत गोन्पोला बांधून नेलं.

पंधरा दिवसांनी यांगझोम मिलमला आली. खिंडीत बर्फ पडू लागलं होतं, तिचे ओठ फुटले होते. जसमलच्या अंगणात तिने कमरेचं फडकं सोडलं आणि माझा जोडीदार चटईवर ठेवला.

"भावजी, किल्लेदार म्हणतो, गोन्पोला काही ठाऊक नव्हतं अशी शपथ तुम्ही स्वतः येऊन घेतलीत तर त्याला सोडेन. खिंड बंद व्हायच्या आत. नाहीतर नदीत बुडवणार त्याला. चला."

जसमल गेला असता तर कदाचित त्यालाही बुडवलं असतं. ते मी नाकारत नाही. गावची वडीलधारी मंडळी भोवती बसली होती. जसमल तिथे धरला गेला तर मिलमला बाजार बंद, हे प्रत्येकाला कळत होतं. एकानेही त्याला 'जा' म्हटलं नाही.

"वहिनी," जसमल म्हणाला, "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. माझा दगड येताना नदीत पडला. दगडच नाही, तर मी कुठल्या नात्याने येऊ?"

मी त्याच्या छातीपाशी होतो! अंगरखा फुगलेला दिसत होता. यांगझोमने त्या फुगवट्याकडे पाहिलं. मग आपला अर्धा उचलून फडक्यात बांधला.

"बरं. त्याला सांगते, दगड हरवला म्हणून. मित्र हरवला असं नाही सांगत. तेवढंच त्याला बरं वाटेल."

जसमलच्या म्हाताऱ्या आईने धावत जाऊन तिच्या झोळीत सातू ओतला. परत आली ती लेकासमोर उभी राहिली. "दगड नदीत पडला? मग छातीवर काय आलंय तुझ्या, गळू? तुझ्या बापाचं मीठ त्या घरातून आलं रे, मेल्या!" त्या दिवसापासून ती त्याच्या हातचं पाणी प्यायली नाही.

उन्हाळ्यात खिंड उघडली तेव्हा एक लोकरवाला सांगत आला. गोन्पोचे हात बांधून त्याला नदीत सोडलं. शेवटपर्यंत तो खिंडीकडे मान वळवून बघत होता म्हणे.

जसमलला सरकारने पदक दिलं, खाली तराईत जमीन दिली. आता तो म्हातारा झालाय. मी त्याच्या मेजावर असतो. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून. त्या वाटांचा नकाशाही त्या कागदांतच आहे. लांबून माणसं येतात, त्याच्या पाया पडतात. तो थंडीच्या, दरोडेखोरांच्या, मोजलेल्या लाखो पावलांच्या गोष्टी सांगतो. गोन्पोचं नाव घेत नाही. "तिथल्या एका माणसाने थोडी मदत केली," एवढंच म्हणतो, आणि चहा मागवतो. मला चीड येते. पण दगडाची चीड कुणाला दिसणार?

तुमच्यापैकी कुणी खिंड ओलांडणार असेल तर मला उचला. यांगझोम जिवंत असेल तर तिच्या दाराबाहेर ठेवा. कुणी पाठवलं ते सांगू नका, माफी वगैरे तर मुळीच मागू नका. आणि एवढी कृपा करा, तिच्या अर्ध्याला मला लावून पाहू नका.

मी आजही बिनचूक जुळेन.