गार्डसाहेबांचं जंगल

"अहो, कणीक कमी झालीये."

सिस्टरांनी परातीवरचं ओलं फडकं उचलून धरलं होतं. मळून अर्धा तासही झाला नव्हता. गोळ्याला एका बाजूने खड्डा पडला होता आणि कुणीतरी वरून हात फिरवून तो लपवायचा प्रयत्न केला होता.

"उंदीर असेल," आतून गार्डसाहेब म्हणाले.

उंदीर कणीक खाऊन वर फडकं नीट झाकून ठेवतो, हे सिस्टरांना नवीनच होतं. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. जिभेखाली गोळी लपवून "घेतली हो सिस्टर" म्हणणारे छप्पन्न पेशंट त्यांनी पकडले होते. हा तर घरचाच माणूस.

नवरा वनखात्यातून निवृत्त झाला त्याला वर्ष झालं. तेव्हापासून मागच्या खोलीत चित्र चाललं होतं. दाराएवढी प्लायवूडची फळी, त्यावर प्लास्टर, डिंक, लाकडाचा भुसा. "जंगल काढतोय. पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही," असं म्हणून खोलीला कुलूप. ठीक आहे, म्हातारपणी एकेकाला नाद लागतो. पण गेले आठ दिवस साहेब दहाला पिशवी घेऊन बाहेर पडायचे, एकला परत यायचे आणि आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे. आणि रोज कणीक कमी.

"वहिनी, दादा कुणाला तरी जेवू घालतोय बघ," नणंद फोनवर खिदळली होती. थट्टाच ती, पण सिस्टरांच्या डोक्यातून जाईना.

त्या दिवशी त्या मागोमाग निघाल्या. गार्डसाहेब दोन गल्ल्या ओलांडून लाकडाच्या वखारीत शिरले. सिस्टर उभ्या ट्रकच्या आडोशाला थांबल्या. "कोण आहे ती?" एवढा एकच प्रश्न त्या घोकत आल्या होत्या.

आत कुणीच नव्हतं. गार्डसाहेब ओंडक्यांच्या ढिगापाशी उकिडवे बसले. पिशवीतून कणीक काढली, हातावर थापली, एका ओंडक्याच्या सालीवर दाबली आणि दोन्ही तळव्यांनी धरून राहिले. मग अलगद सोडवून डब्यात ठेवली.

सिस्टरांना हसूच फुटलं. "अहो, मागितली असती तर दिली नसती का मी कणीक?"

गार्डसाहेब एवढे दचकले की हातातला गोळा भुशात पडला. "मातीचा साचा सालीत अडकतो गं," ते भराभर सांगायला लागले. "कणीक सुटते. घरी नेऊन तिच्यात प्लास्टर ओतायचं. सुकलं की तीच साल, तशीच्या तशी. ती फळीवर चिकटवायची, मग रंग. शनिवारी हे सगळं कापणार आहेत, म्हणून घाई."

सगळं पटण्यासारखं होतं. फक्त बोलताना ते ओंडक्याकडे बघत होते. गोळी न घेतलेला पेशंटही असाच भिंतीकडे बघतो.

"कुठली आहेत ही लाकडं?"

"कुठली म्हणजे? जंगलातली."

"कुठल्या जंगलातली?"

गार्डसाहेब बोटांची कणीक खरवडत राहिले. सिस्टर वाकल्या. ओंडक्याच्या बुडाशी, साल तासलेल्या जागी, तोडायच्या झाडावर वनखातं मारतं तो हातोड्याचा शिक्का होता. तो हातोडा वर्षानुवर्षं त्यांच्याच दारामागे टांगलेला असायचा.

"हा तुमचा शिक्का आहे."

"टेकडीवरची आहेत," गार्डसाहेब म्हणाले आणि तिथेच ओंडक्यावर बसले.

टेकडी अप्पांची. म्हणजे सरकारची, पण त्या उघड्या टेकडीवर एकेक रोप लावलं होतं सिस्टरांच्या वडिलांनी, रोजंदारीवर. लहानपणी सिस्टरांनी तिथे कळशीने पाणी वाहिलं होतं. वर्षभरात दोनदा त्या म्हणाल्या होत्या, टेकडीवर जाऊन येऊ. दोन्ही वेळा यांनी वाट खराब आहे म्हणून सांगितलं होतं.

"नवा रस्ता तिथूनच जाणार होता. निवृत्तीला महिना उरला होता, आणि यादी माझ्याच हातात आली. एकेका झाडावर मीच…"

"तेव्हा तुम्ही ट्रेनिंगला गेला होतात."

"तसं तुला सांगितलं होतं."

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं सिस्टरांना वाटलं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. गार्डसाहेबांनी मुकाट्याने किल्ली दिली.

जंगल सुंदर होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. खोडांवरून बोट फिरवलं तर भेगा लागत होत्या, गाठी लागत होत्या. मागे सुतळी विस्कटून केलेलं गवत, गाळलेल्या भुशाची माती. सिस्टर बराच वेळ बघत राहिल्या. काहीतरी खटकत होतं.

"अशी नव्हती झाडं."

"काय?"

"अप्पांनी दोरी धरून लावली होती. सरळ रांगेत. टोकाला उभं राहिलं की पार पलीकडचं दिसायचं."

"माहीत आहे."

"मग ही अशी विस्कटून का लावलीत?"

गार्डसाहेबांनी मान खाली घातली. "रांगेत लावली असती तर तू ओळखलं असतंस."

सिस्टर खाली बसल्या आणि रडल्या. अप्पा गेले तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या. गार्डसाहेब पाणी घेऊन आले, ते त्यांनी बाजूला सारलं.

"काढा ती झाडं," शेवटी त्या म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी. आणि नीट लावा."

गार्डसाहेबांनी पटाशी पहिल्या खोडाखाली सरकवली. सिस्टर उठल्या, शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या. एक टोक त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं आणि दुसरं फळीच्या पार पलीकडच्या काठाला धरून उभ्या राहिल्या.

"ताठ धरा," त्यांच्याकडे न बघता त्या म्हणाल्या.